किडनीत गाठ दिसली, पुढे काय? पेशंट आणि नातेवाइकांसाठी टप्प्याटप्प्याने माहिती

पित्तासाठी, पोटदुखीसाठी किंवा नोकरीच्या मेडिकलसाठी सोनोग्राफी केली, आणि रिपोर्टच्या शेवटी एक ओळ आली: उजव्या किडनीच्या वरच्या टोकाला ३.८ सेंटिमीटरची सॉलिड गाठ, पुढील तपासणीसाठी कॉन्ट्रास्ट सी.टी. करावा. किडनीच्या कॅन्सरचे आज निम्म्याहून जास्त पेशंट असेच सापडतात. दुखत नाही, लघवी साफ आहे, माणूस कालपर्यंत शेतावर जात होता. अशा वेळी घर हादरतं, आणि त्या भीतीत पुढच्या दोन दिवसांत 'किडनी काढून टाका' असा निर्णय होऊन जातो.

मी डॉक्टर नाही. आमच्या तालुक्यातल्या पेशंटांबरोबर मुंबई-पुण्याच्या हॉस्पिटलांत जाते, फाइल सांभाळते, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न नातेवाइकांकडून आधी लिहून घेते. या कामात मला सगळ्यात जास्त त्रास देते ती ही घाई. किडनीतली लहान गाठ बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांची सवड देते. ती सवड नीट वापरली तर पुष्कळदा फक्त गाठ काढून किडनी वाचवता येते. लघवीतून भरपूर रक्त जात असेल, गुठळ्यांनी लघवी अडली असेल किंवा गाठ रक्तवाहिनीत शिरली असेल, तर मात्र थांबायचं नाही.

पहिली पायरी: गाठ पाण्याची की भरीव?

रिपोर्टमध्ये 'सिस्ट' हा शब्द असेल तर ती पाण्याची गाठ. पन्नाशीनंतर किडनीत साधी सिस्ट असणं अगदी सर्रास आढळतं, आणि तिला काहीही करावं लागत नाही. सिस्टचं वर्गीकरण 'बॉस्नियाक' नावाच्या मोजपट्टीने करतात. बॉस्नियाक १ आणि २ म्हणजे निर्धोक, २ एफ म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन करून लक्ष ठेवायचं, ३ म्हणजे शंकास्पद, आणि ४ म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता बरीच मोठी. रिपोर्टमध्ये नुसतं 'कॉम्प्लेक्स सिस्ट' लिहिलं असेल तर रेडिओलॉजिस्टना बॉस्नियाकचा आकडा विचारा. तो विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

गाठ भरीव, म्हणजे सॉलिड असेल, तर कॅन्सरची शंका पक्की धरून पुढे जायचं. तरीही ४ सेंटिमीटरपेक्षा लहान भरीव गाठींमध्ये साधारण पाचातली एक गाठ कॅन्सरची नसते. त्यातली एक म्हणजे अँजिओमायोलिपोमा. तिच्यात चरबी असते आणि सी.टी.वर ती बहुतेक वेळा ओळखू येते. ती कॅन्सर नसली तरी मोठी झाल्यावर फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तिचा आकार दुर्लक्षित करू नये. दुसरी ऑन्कोसायटोमा. ही स्कॅनवर कॅन्सरसारखीच दिसते, त्यामुळे अनेकदा काढल्यावरच कळतं की ती निरुपद्रवी होती.

लक्षणांबद्दल थोडंसं. पुस्तकांत तीन लक्षणं दिलेली असतात: लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि पोटात हाताला लागणारी गाठ. ही तिन्ही एकत्र असलेले पेशंट आता दहात एकही नसतात. पण लघवीतून न दुखता रक्त आलं आणि आपोआप थांबलं, तर ते थांबलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे 'उष्णता झाली' म्हणून सब्जाचं पाणी पितात आणि सहा महिने जातात. बीट खाल्ल्यावर लघवी लाल होते, टीबीच्या रिफॅम्पिसिन गोळीने केशरी होते, हे खरं. ते कारण नसेल तर लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी कराच. पुरुषांमध्ये अंडकोशाच्या डाव्या बाजूच्या शिरा नव्याने फुगल्या आणि आडवं पडल्यावरही उतरल्या नाहीत, तर तीही किडनीकडे बघण्याची खूण आहे. कारण न सापडणारा ताप, उतरणारं वजन, कमी झालेलं हिमोग्लोबिन किंवा रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम यामागेही कधीकधी हीच गाठ निघते.

दुसरी पायरी: सी.टी. एकदाच, पण नीट

या आजारात सगळ्यात मोलाची तपासणी कॉन्ट्रास्ट सी.टी. आहे. शिरेतून औषध देऊन वेगवेगळ्या वेळी चित्रं घेतात, आणि गाठ ते औषध किती उचलते हे बघतात. जवळच्या सेंटरवर घाईने साधा, बिनकॉन्ट्रास्टचा सी.टी. केला तर मोठ्या हॉस्पिटलात तो पुन्हा करावा लागतो. पैसे दोनदा जातात. म्हणून आधी यूरोलॉजिस्टना, म्हणजे मूत्रमार्गाच्या सर्जनना दाखवा, चिठ्ठीवर नेमका कोणता सी.टी. हवा ते लिहून घ्या, आणि मगच करा.

सी.टी.आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो) तपासतात, कारण कॉन्ट्रास्टचं औषध किडनीतूनच बाहेर पडतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल, दमा असेल, तर हे सांगा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर एम.आर.आय.चा पर्याय असतो.

छातीचाही सी.टी. सांगितला तर घाबरू नका. हा कॅन्सर पसरला तर सर्वांत जास्त वेळा फुप्फुसात जातो, म्हणून तो बघतात. हाडं दुखत असतील तर बोन स्कॅन, डोकं दुखत असेल किंवा फिट आली असेल तर मेंदूचा एम.आर.आय. पेट स्कॅनचा मात्र किडनीच्या कॅन्सरमध्ये सरसकट उपयोग नाही. त्यात वापरली जाणारी किरणोत्सारी साखर लघवीतूनच बाहेर पडते, किडनी तशीही चमकते, आणि काही गाठी ती साखर फारशी उचलत नाहीत. कोणी पहिल्याच भेटीत पेट स्कॅन सांगितला तर 'याने निर्णयात काय फरक पडेल?' असं नम्रपणे विचारा.

सी.टी.ची सी.डी. मागून घ्या. नुसता छापील रिपोर्ट दुसऱ्या सर्जनला पुरत नाही. गाठ बाहेरच्या बाजूला आहे की मधल्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. किडनी वाचेल की नाही हे बरंचसं त्यावर ठरतं.

तिसरी पायरी: बायोप्सी लागते का?

स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरमध्ये बायोप्सीशिवाय पान हलत नाही, त्यामुळे नातेवाईक विचारतात, 'तुकडा न तपासता ऑपरेशन कसं?' किडनीत चांगल्या सी.टी.वरून अंदाज इतका पक्का येतो की काढण्यासारख्या गाठीला अनेकदा आधी बायोप्सी करत नाहीत. काढलेली गाठच तपासायला जाते.

बायोप्सी उपयोगी पडते ती ठरावीक ठिकाणी. गाठ लहान आहे आणि पेशंट थकलेला, म्हणून ऑपरेशन टाळायचं असेल तेव्हा. सुईने गाठ जाळायची किंवा गोठवायची असेल तेव्हा. आजार पसरलेला असून औषधं सुरू करायची असतील तेव्हा. लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) किंवा दुसरीकडून आलेल्या कॅन्सरची शंका असेल तेव्हा. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती गावोगावी आहे. आजच्या पद्धतीत सुई एका नळीतून आत जाते, आणि सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. या भीतीपोटी आवश्यक बायोप्सी नाकारू नका.

चौथी पायरी: स्टेज, प्रकार आणि ग्रेड, तीन वेगळ्या गोष्टी

स्टेज म्हणजे आजार कुठवर गेला. गाठ किडनीतच आहे आणि ७ सेंटिमीटरपर्यंत आहे, तर पहिली स्टेज. त्यातही ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ 'टी १ ए' आणि त्यापुढची 'टी १ बी'. ७ पेक्षा मोठी पण किडनीतच असेल तर दुसरी. भोवतीच्या चरबीत, किडनीच्या मुख्य शिरेत किंवा जवळच्या लसिका ग्रंथींत गेली तर तिसरी. किडनीभोवतीचं आवरण ओलांडून शेजारच्या अवयवांत शिरली, किंवा फुप्फुस, हाडं, यकृत, मेंदू इथे पोचली तर चौथी.

तिसऱ्या स्टेजमधला एक प्रकार ऐकायला भयंकर वाटतो: गाठ शिरेतून वाढत पोटातल्या मोठ्या नीलेत, कधी हृदयापर्यंत जाते. पण ती दुसरीकडे पसरली नसेल तर हे ऑपरेशन होतं आणि पेशंट बरेही होतात. फक्त ते अशा ठिकाणी व्हायला हवं, जिथे यूरोलॉजीबरोबर यकृताचे आणि हृदयाचे सर्जन हाताशी आहेत. हा शब्द रिपोर्टमध्ये 'आय.व्ही.सी. थ्रॉम्बस' असा येतो. तो दिसला तर गावाजवळचं छोटं हॉस्पिटल सोडून लगेच मोठं केंद्र गाठा.

प्रकार म्हणजे पेशी कोणत्या जातीच्या. मोठ्या माणसांतल्या किडनीच्या कॅन्सरपैकी सुमारे ९० टक्के 'रीनल सेल कार्सिनोमा' असतात. त्यातले सत्तर-पंचाहत्तर टक्के 'क्लिअर सेल', मग 'पॅपिलरी', मग 'क्रोमोफोब'. लघवी जिथे गोळा होते त्या भागातला कॅन्सर वेगळ्या जातीचा, मूत्राशयाच्या कॅन्सरचा नातलग, आणि त्याचे उपचारही वेगळे. लहान मुलांतला विल्म्स ट्यूमर हा तर पूर्ण वेगळा विषय. तिथे केमोथेरपी उत्तम चालते. या लेखातलं काहीही त्या मुलांना लावू नका.

ग्रेड १ ते ४ असते आणि पेशी किती आक्रमक दिसतात ते सांगते. स्टेज ३ आणि ग्रेड ३ हे एक नव्हे. फोनवर नातेवाइकांना सांगताना यात हमखास गोंधळ होतो आणि घरी रडारड सुरू होते.

पाचवी पायरी: ऑपरेशन, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

१९६० च्या दशकात कॅनडाचे सर्जन चार्ल्स रॉबसन यांनी किडनी, भोवतीची चरबी, वरची ॲड्रिनल ग्रंथी आणि लसिका ग्रंथी असं सगळं एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. त्या काळात सोनोग्राफी नव्हती, गाठी मोठ्या होऊनच सापडत, आणि ते योग्यच होतं. आज तीन सेंटिमीटरची गाठ सापडते. तिच्यासाठी चांगली किडनी अख्खी काढणं बहुतेक वेळा आवश्यक नसतं. ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी 'पार्शल नेफ्रेक्टॉमी', म्हणजे गाठ आणि भोवतीची थोडी निरोगी किडनी काढून बाकीची शिवून टाकणं, हा आज जगभर पहिला पर्याय मानतात. ७ सेंटिमीटरपर्यंतही जागा सोयीची असेल तर तो करतात.

यात मला अतिशयोक्ती करायची नाही. युरोपात झालेल्या एका मोठ्या तुलनेत किडनी वाचवल्याने आयुष्य वाढतं असं दिसलं नाही, पण किडनीचं काम मात्र चांगलं टिकलं. आपल्याकडे घरोघरी मधुमेह आणि बीपी आहे. साठीच्या माणसाची उरलेली किडनी पुढची वीस वर्षं कशी जाईल, याचा विचार आजच करायला हवा. एकच किडनी असलेल्या, दोन्ही किडन्यांत गाठी असलेल्या किंवा क्रिएटिनिन आधीच वाढलेल्या पेशंटसाठी तर हा डायलिसिस टाळण्याचा प्रश्न असतो.

म्हणून सर्जनसमोर बसताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

– माझी किडनी वाचवता येईल का? नसेल तर नेमकं कशामुळे?
– माझी दुसरी किडनी किती टक्के काम करते? रेनोग्राम (प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणारा स्कॅन) करायला हवा का?
– पार्शल नेफ्रेक्टॉमी तुम्ही नियमित करता का?
– ऑपरेशन चालू असताना पूर्ण किडनी काढावी लागण्याची शक्यता किती?

तिसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात. विचारा. चांगले सर्जन रागवत नाहीत. गाठ काढताना किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ चिमट्याने थांबवतात, तो साधारण २५-३० मिनिटांच्या आत पुन्हा सुरू व्हावा असा प्रयत्न असतो. एवढ्या वेळात गाठ पूर्ण काढून किडनी शिवायची, हे सवयीचं काम आहे. 'नाही, मी पूर्णच काढतो' असं उत्तर आलं तर दुसरं मत घ्या.

पोट उघडून, दुर्बिणीतून की रोबोटने, यावर लोक फार वेळ घालवतात. दुर्बिणीतून किडनी काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये अमेरिकेत राल्फ क्लेमन यांनी केली, आणि आता ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. दुर्बिणीत आणि रोबोटमध्ये वेदना कमी, घरी लवकर. रोबोटने किडनी शिवणं सर्जनला सोपं जातं, पण खर्च वाढतो. माझं मत स्पष्ट आहे: रोबोटने किडनी पूर्ण काढण्यापेक्षा पोट उघडून ती वाचवणारा सर्जन बरा. गाठ खूप मोठी असेल, मधोमध असेल किंवा किडनी गाठीनेच व्यापली असेल, तर मात्र पूर्ण किडनी काढणंच योग्य. तिथे हट्ट धरू नये. दुसरी निरोगी किडनी हळूहळू थोडी मोठी होते आणि काम उचलते.

ऑपरेशनआधी तंबाखू, बिडी बंद. हा नुसता उपदेश नाही: धूम्रपान हे या कॅन्सरच्या ठळक कारणांपैकी एक आहे, आणि भुलेनंतर फुप्फुसांचा त्रासही त्यानेच वाढतो. लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही दुसरी दोन कारणं. हृदयात स्टेंट असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या कधी थांबवायच्या हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. स्वतः बंद करू नका.

घरी आल्यावर एका गोष्टीवर विशेष लक्ष ठेवा. पार्शल नेफ्रेक्टॉमीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लघवी अचानक लालभडक झाली, कुशीत जोरात दुखू लागलं किंवा चक्कर आली, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. शिवलेल्या भागातली छोटी रक्तवाहिनी कधीकधी फुगून फुटते. मांडीतून किंवा हातातून तार घालून ती बंद करता येते, पण वेळ महत्त्वाची. ताप आला किंवा जखमेतून पाण्यासारखं काही वाहत राहिलं तरी दाखवा. साधारण सहा आठवडे हंडे, पोती, गॅस सिलेंडर उचलायचा नाही. चालायचं मात्र पहिल्या दिवसापासून.

ऑपरेशन नकोच असेल तर

वय ऐंशीच्या घरात, हृदय कमजोर आणि गाठ अडीच सेंटिमीटरची. अशा माणसाला ऑपरेशनचाच धोका जास्त. लहान गाठी सरासरी वर्षाला सुमारे ३ मिलिमीटर वाढतात आणि लक्ष ठेवलेल्या काळात त्या दुसरीकडे पसरण्याचं प्रमाण फार कमी असतं. म्हणून ठरावीक अंतराने स्कॅन करत लक्ष ठेवणं हाही एक उपचार आहे. डॉक्टरांनी हे सुचवलं तर त्यांनी हात वर केले असं समजू नका. पण तारखा पाळा. लक्ष ठेवायचं ठरवून दोन वर्षं फिरकायचंच नाही, असं करू नका.

मधला मार्ग म्हणजे सुईने गाठ उष्णतेने जाळणं किंवा थंडीने गोठवणं. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत हे चांगलं चालतं. गाठ शिल्लक राहण्याची किंवा परतण्याची शक्यता ऑपरेशनपेक्षा थोडी जास्त असते, पण पुन्हा करता येतं. काही केंद्रांत नेमक्या जागी मोठ्या मात्रेत रेडिएशन देण्याचाही पर्याय मिळतो.

सहावी पायरी: पॅथॉलॉजीचा रिपोर्ट

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येतो. प्रकार, ग्रेड, कडा मोकळ्या आहेत का (म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सर उरलेला नाही ना), गाठ शिरेत किंवा चरबीत गेली होती का, आणि 'सार्कोमॅटॉइड' हा शब्द आहे का, एवढं बघा. हा शब्द म्हणजे आक्रमक वागणं. दुसरं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टबरोबर लॅबमधून मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.

पहिल्या स्टेजमध्ये बहुतेकांना पुढे काहीच औषध लागत नाही. 'केमो नाही दिली?' असं शेजारपाजारचे विचारून विचारून जीव खातात. नेहमीच्या केमोथेरपीला रीनल सेल कार्सिनोमा दाद देत नाही. दिली नाही हेच बरोबर. क्लिअर सेल प्रकारात, परतण्याचा धोका जास्त असेल तर, साधारण वर्षभर दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन सुचवलं जातं. २०२१ पासून ते या कामासाठी मान्य झालं आणि पुढे त्याने आयुष्य वाढतं असंही दिसलं. ते महाग आहे, आणि त्याचे दुष्परिणाम काहींना कायमचे राहतात. दोन्ही बाजू ऐकून ठरवा.

सातवी पायरी: आजार पसरलेला असेल तर

इथे सगळ्यात जास्त बदल झाला आहे, आणि इथेच लोक सगळ्यात आधी आशा सोडतात. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे किडनीपुरताच मर्यादित कॅन्सर असलेले नव्वद टक्क्यांहून जास्त पेशंट पाच वर्षांनी हयात असतात. दूर पसरलेल्या आजारात हा आकडा साधारण पाचात एक इतका खाली येतो. पण असे आकडे गेल्या काही वर्षांत उपचार घेतलेल्यांचे असतात. नवी औषधं त्यांत पूर्ण उतरलेली नसतात.

क्लिअर सेल कॅन्सरमध्ये 'व्ही.एच.एल.' नावाचं जनुक बहुधा बिघडलेलं असतं. त्यामुळे पेशींना प्राणवायू कमी पडतोय असा खोटा संदेश मिळत राहतो आणि गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेते. पेशी प्राणवायू कसा ओळखतात हे शोधल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. या ज्ञानातूनच औषधं आली. २००५-०६ मध्ये सोराफेनिब आणि सुनिटिनिब, मग पाझोपॅनिब, ॲक्सिटिनिब, कॅबोझॅन्टिनिब, लेनव्हॅटिनिब. या सगळ्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत आणि त्या गाठीचा रक्तपुरवठा तोडतात. दुसरी वाट इम्युनोथेरपीची: निवोलुमॅब, इपिलिमुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब. ही इंजेक्शनं शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींवरचा ब्रेक काढतात. २०१८ नंतर दोन इम्युनोथेरपी एकत्र, किंवा एक इम्युनोथेरपी आणि एक गोळी, ही पहिली पसंती झाली. काही पेशंटांमध्ये आजार वर्षानुवर्षं शांत राहतो.

डॉक्टर सुरुवातीलाच हिमोग्लोबिन, कॅल्शियम, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, पेशंट रोजची कामं कितपत करू शकतो आणि निदानापासून गेलेला काळ अशा सहा गोष्टींवरून धोका कमी, मध्यम की जास्त ते ठरवतात. औषध त्यावरून निवडतात. तुमचा गट कोणता ते विचारून घ्या.

पसरलेल्या आजारात आधी किडनी काढायची का, याचं उत्तर २०१८ मध्ये फ्रान्समधून आलेल्या 'कार्मेना' चाचणीने बदललं. मध्यम आणि जास्त धोक्याच्या पेशंटांत नुसत्या सुनिटिनिबचा निकाल आधी ऑपरेशन करून सुनिटिनिब देण्यापेक्षा वाईट नव्हता. त्यामुळे आता अनेकांना आधी औषध देतात. एक-दोन ठिकाणीच गेलेला आजार असेल तर किडनी आणि ते डाग दोन्ही काढण्याचा विचार होतो. हाडाच्या दुखण्याला आणि मेंदूतल्या गाठीला रेडिएशन उपयोगी पडतं.

गोळ्या सुरू झाल्या की घरात बीपीचं मशीन आणा आणि रोज वहीत नोंद करा. बीपी वाढणं, जुलाब, तोंड येणं, थकवा, तळहात-तळपाय लाल होऊन सोलणं, थायरॉइड मंदावणं हे नेहमीचे त्रास. पायांना मऊ चप्पल, जाड मोजे, युरियाचं क्रीम, कडक गरम पाण्यापासून दूर. त्रास सहन होईना म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. मात्रा कमी करता येते. पाझोपॅनिब रिकाम्या पोटी घ्यायची असते, जेवणाआधी किमान एक तास किंवा नंतर दोन तास. औषधाच्या पाकिटावर बघून प्रत्येक गोळीची वेळ लिहून ठेवा.

इम्युनोथेरपीचे त्रास वेगळे आणि फसवे. सुटलेली संरक्षक फौज आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर, थायरॉइडवर चाल करून जाते. कधी औषध बंद केल्यावर महिन्यांनीही. दिवसाला चार-पाच वेळा जुलाब, कोरडा खोकला आणि धाप, डोळे पिवळे, प्रचंड थकवा: यातलं काही झालं तर गावातल्या डॉक्टरांकडून नुसत्या अँटिबायोटिक घेऊन थांबू नका. 'इम्युनोथेरपी चालू आहे' हे आधी सांगा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. उपचार बहुधा स्टिरॉइडचा असतो आणि वेळेत दिला तर चांगला लागू पडतो.

काढा, भस्म, जडीबुटी घेत असाल तर लपवू नका. यकृत आणि उरलेली किडनी दोन्ही आधीच ताणाखाली असतात, आणि यकृत बिघडलं की चांगलं चाललेलं औषध थांबवावं लागतं.

पैशांची वाट

मार्च २०१२ मध्ये भारताने आपला पहिला सक्तीचा परवाना (पेटंट असलेल्या कंपनीच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा) दिला, तो किडनी आणि यकृताच्या कॅन्सरवरच्या सोराफेनिबसाठी. बायर कंपनीचं औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना होतं. नॅट्को कंपनीला ते महिन्याला ८,८८० रुपयांना विकायची परवानगी मिळाली. तेव्हापासून या आजारातल्या गोळ्यांबाबत एक सवय लावून घ्यावी: डॉक्टरांकडून जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचं नव्हे तर औषधाचं मूळ नाव, लिहून मागा आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. आज सुनिटिनिब आणि पाझोपॅनिबच्या भारतीय गोळ्या मिळतात. इम्युनोथेरपी अजूनही बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. कमी मात्रेच्या निवोलुमॅबचा टाटा मेमोरियलचा अभ्यास २०२२ मध्ये गाजला, पण तो डोकं आणि मानेच्या कॅन्सरवर होता. किडनीत ते तसंच लागू आहे असं धरून मात्रा ठरवायला सांगू नका, डॉक्टरांशी बोला. इम्युनोथेरपी परवडत नाही हे त्यांना मोकळेपणाने सांगा. चांगल्या गोळीवर सुरू केलेला उपचार हा उपचारच आहे, त्यासाठी शेत विकायची गरज नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी भेटा. ऑपरेशन झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. कोणती औषधं पॅकेजमध्ये आहेत तेही तिथेच विचारा, सगळी नसतात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या पेशंटांसाठी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना उत्पन्नाचा दाखला दाखवा. मुंबईत राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीत होऊ शकते. हॉस्पिटलची चिठ्ठी बरोबर ठेवा. रेल्वेची कॅन्सर पेशंटसाठीची सवलत घ्यायला विसरू नका. मुंबईला जाणं शक्य नसेल तर 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून टाटाच्या आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या (देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याच्या) तज्ज्ञांचं मत रिपोर्ट पाठवून मिळवता येतं.

पुढची वर्षं

फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा: 'एकच किडनी' किंवा 'किडनीचं ऑपरेशन झालेलं.' गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक आणण्याची सवय आता सोडायची. या गोळ्या किडनीवर घाला घालतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आणि पुढचं डॉक्टरांना विचारून. बीपी आणि साखर ताब्यात, मीठ बेताचं: लोणचं, पापड, खारी मिरची कमी. पाणी तहानेप्रमाणे, किडनी धुऊन निघावी म्हणून दिवसाला सहा लिटर नको. डाळ, अंडी बंद करण्याची गरज क्रिएटिनिन ठीक असेल तर नाही. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा.

पंचेचाळिशीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, दोन्ही बाजूंना किंवा अनेक गाठी असतील, घरात आणखी कोणाला असेल, तर जनुकीय सल्ला घ्या. व्ही.एच.एल. जनुकाचा बिघाड वारशाने येतो तशा आजारांत भावंडांच्या आणि मुलांच्या डोळ्यांची, मेंदूची आणि पोटाची तपासणी वेळेत होऊ शकते.

तपासणीच्या तारखा धोक्यानुसार ठरतात. धोका जास्त असेल तर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, कमी असेल तर वर्षातून एकदा स्कॅन, निदान पाच वर्षं. पाच वर्षं झाली की लोक फाइल माळ्यावर टाकतात. हा कॅन्सर दहा वर्षांनीही, फुप्फुसात, हाडात किंवा स्वादुपिंडात परतू शकतो. तेव्हा पुढे कधी कंबर दुखायला लागली आणि महिनाभर थांबली नाही, किंवा खोकला रेंगाळला, तर समोरच्या नव्या डॉक्टरांना सर्वांत आधी किडनीच्या ऑपरेशनचं सांगा, आणि पॅथॉलॉजी रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये कायम ठेवा.